बेळगावच्या हवेत कुंडीतील रोजमेरीला पाणी किती आणि केव्हा घालावे?

आपण विचारले आहे की, रोज सकाळी तांब्याभर पाणी घालूनही कुंडीतील रोजमेरीचे शेंडे मान टाकत आहेत आणि खालची पाने पिवळी पडून गळत आहेत, तर पाणी वाढवावे काय. कृपया वाढवू नये. उलट माती कोरडी होईपर्यंत पाणी पूर्ण थांबवावे. मी बेळगावात गच्चीवरील कुंड्यांत रोजमेरी वाढवतो आणि माझ्या पाहण्यात आपल्या भागातील ही झाडे तहानेने फार थोडी, पाण्यानेच अधिक मेली आहेत.

रोजमेरी मूळची भूमध्य समुद्राच्या काठची. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो आणि ती खडकाळ, पाणी न धरणाऱ्या जमिनीत वाढते. तिची पाने अरुंद, कडांनी आत वळलेली व खालून लवदार असल्यामुळे त्यांतून पाणी कमी उडते. आपल्याकडे मात्र जून ते सप्टेंबर उबदार हवेतच झड लागते आणि कुंडी दिवसेंदिवस ओली राहते. अशा मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग मूळकूज लागते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून कुंडी चिंब असतानाही शेंडे तहानल्यासारखे दिसतात. ते पाहून माणूस काळजीपोटी आणखी पाणी घालतो आणि झाड हातचे जाते. आपल्या झाडाचेही हेच झाले असावे, असे वर्णनावरून वाटते.

पाणी वार ठरवून घालू नये, माती पाहून घालावे. बोट दोन पेरे मातीत खुपसावे; तेथपर्यंत कोरडे लागले तरच पाणी द्यावे. कुंडी उचलून पाहण्याची सवय त्याहून चांगली, कारण ओल्या आणि कोरड्या कुंडीच्या वजनातील फरक हाताला लवकर कळू लागतो. द्यायचे तेव्हा मात्र तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश द्यावे आणि खालच्या ताटलीत साचलेले लगेच ओतून टाकावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने वरचा थर सतत ओला राहतो आणि खालच्या मुळांपर्यंत पाणी पोहोचेलच याची खात्री नसते. मातीच्या आठ इंची कुंडीला मार्च ते मे या काळात साधारण दोन-तीन दिवसांनी, तर हिवाळ्यात आठवड्याने पाणी लागते. प्लॅस्टिकच्या कुंडीला त्याहून उशिरा.

पावसाळ्याचा प्रश्न पाण्याचा नसून जागेचा आहे. खानापूर, जांबोटीकडे पाऊस इतका असतो की कुंडी उघड्यावर ठेवून झाड वाचवणे अवघड. अथणी, रायबागच्या कोरड्या भागात ते सहज निभावते. बेळगाव शहर या दोहोंच्या मधले असले तरी जुलैमध्ये कुंडी छपराखाली, पण भरपूर उजेड आणि वारा मिळेल अशा ठिकाणी हलवावीच. वळचणीला ठेवल्यास पागोळ्यांची धार थेट कुंडीत पडते, हे आवर्जून पाहावे. कोंदट कोपऱ्यात पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी येते, म्हणून दाट फांद्या पावसाआधी थोड्या विरळ कराव्यात.

माती बरोबर नसेल तर वरील सर्व काळजी व्यर्थ जाते. चिकोडी-निपाणीकडील काळी माती कुंडीत पाणी धरून बसते. ती रोजमेरीला मुळीच वापरू नये. मी लाल माती, जाड वाळू आणि जांभ्याची बारीक कच सारख्या प्रमाणात घेतो आणि चाळलेले शेणखत मूठभरच घालतो. तळाशी खडीचा थर दिल्याने निचरा सुधारतो, हा समज सर्वत्र आहे, पण पाणी त्या थराच्या वरच्या मातीतच अडून राहते. भोकावर एक खापराचा तुकडा पुरेसा आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाचा गड्डाही तपासावा. तो कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा असेल आणि एकदा ठणठणीत वाळला, तर पाणी आत न मुरता कडेने निघून जाते. अशा वेळी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवून नंतर नीट निथळू द्यावी.

आपले झाड आताच कुंडीतून काढून मुळे पाहावीत. पांढरी, टणक मुळे दिसली तर नुसती माती बदलून सावलीत ठेवणे पुरेसे आहे. तपकिरी, मऊ व वास येणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत आणि तितक्या प्रमाणात वरच्या फांद्याही छाटाव्यात. निम्म्याहून अधिक मुळे गेली असतील, तर झाडाची आशा न धरता हिरव्या शेंड्यांचे चार-पाच इंचांचे तुकडे घ्यावेत, खालची पाने काढावीत आणि ते ओलसर वाळूत खोचावेत. त्यांना मुळे फुटायला काही आठवडे लागतात, आणि त्या काळातही वाळू ओलसरच असावी, चिंब नसावी.