बजेट ४५ लाख, राहायला नाशिक : नवी बीएमडब्ल्यू २ सीरीज ग्रान कूपे घ्यावी की चार-पाच वर्षं जुनी ३ सीरीजमधली ३३०आय?

३३०आय घ्या. शक्यतो नाशिकचीच, पहिल्या मालकाकडची, सगळी बिलं जपून ठेवलेली. तशी मिळत नसेल तर थांबा.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की वडिलांचं म्हणणं आहे, ‘एवढे पैसे घालून दुसऱ्याची वापरलेली गाडी दारात उभी करायची नाही.’ त्या एका वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसले. हे वाक्य मी माझ्या घरात, जेवणाच्या ताटावर, पाहुण्यांसमोर ऐकलेलं आहे.

आधी हिशेब. ग्रान कूपेची शोरूम किंमत ४५ लाखांच्या आसपास आहे, म्हणजे तुमचं बजेट शोरूममध्येच संपलं. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स लागतो. ४५ लाखांवर तो ५ लाख ८५ हजार होतो. त्यावर विमा आणि १ टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा केला जाणारा आयकर. टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो, पण आज खिशातून जातोच. गाडी दारात येईपर्यंत आकडा ५२ लाखांच्या पुढे. फर्मच्या नावावर घेणार असाल तर टॅक्स २० टक्के. जुन्या, नाशिकच्या एमएच-१५ नंबरच्या गाडीचा हा सगळा टॅक्स पहिल्या मालकाने भरून टाकलेला असतो. ती तुमच्या नावावर होताना तो पुन्हा लागत नाही.

आणि ५२ लाखांत मिळतं काय? दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, १५६ हॉर्सपॉवर, पुढची चाकं ओढणारं. ३३०आयमध्ये दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन, २५८ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर टॉर्क, झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक, आणि ताकद मागच्या चाकांना. पुढच्या चाकांकडे फक्त वळायचं काम राहतं, म्हणून घाटात स्टिअरिंग हातात वेगळंच लागतं. तुम्ही ‘स्पोर्ट सेडान’ हवी म्हणताय. मग यात निवड करण्यासारखं काही उरतच नाही.

आता माझं सांगते. मी नाशिकच्या अंबडला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनच्या जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप चालवते. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि डायल गेज. माल नवा आहे की जुना, हे मला कुणी विचारत नाही, मापात आहे का एवढंच विचारतात. गाडीही मी त्याच नजरेने बघायची ठरवली होती. २०२१ साली मला ३ सीरीजमधलीच ३२०डी हवी होती, आधीच्या पिढीची, एफ३० म्हणतात ती. भिवंडी, चाकण, कधी संभाजीनगर असं माझं फिरणं असतं, म्हणून डिझेल. २०१६ च्या आधीच्या गाड्या मी यादीतूनच काढल्या होत्या. त्यांच्यात एन४७ इंजिन आहे. त्याची टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारी साखळी) मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते आणि ती झिजण्यासाठी हे इंजिन जगभर बदनाम आहे. चेन बदलायची तर सगळा पसारा खाली उतरवावा लागतो. पुढच्या बी४७ इंजिनात चेन मागेच आहे, पण तक्रारी फार कमी.

माझे मोठे दीर, म्हणजे भाऊजी, हार्डवेअरच्या धंद्यातले. माणूस घरासाठी जीव टाकणारा. पण त्यांचं ठाम मत, गाडी घ्यायची तर नवीच, वापरलेली गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. मी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनीच मुंबईच्या एका डीलरकडची गाडी शोधून काढली. ‘घ्यायचीच आहे ना जुनी, मग निदान नव्यासारखी तरी घे.’ पांढरी, काचेसारखी चकचकीत, किलोमीटर कमी, भावही बाजारापेक्षा बराच खाली. आम्ही तिघं गेलो. मी, भाऊजी आणि नाशिकच्या द्वारका चौकाजवळचे आमचे मेकॅनिक, ज्यांना सगळे मामा म्हणतात.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी चालूच होती. मामांनी बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तापलेलं इंजिन दाखवणारा काहीतरी लपवतोय असं धरूनच चालायचं. डिझेल इंजिनाचा खरा आवाज, चेनची खडखड, पहिला धूर, हे सगळं इंजिन गार असतानाच कळतं. डीलर म्हणाला, आत्ताच धुवून आणली. भाऊजींना ते पटलं.

मामा मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढायला लागले. आपण लावतो तेवढा नाही, रिळातून पूर्ण संपेपर्यंत. पहिला हातभर पट्टा काळाभोर, स्वच्छ. पुढे रंग फिकट होत गेला आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ, तिच्या खाली वाळलेला बारीक गाळ. नखाने खरवडला तर पूड पडली. दुसऱ्या बाजूच्या बेल्टवर अगदी त्याच उंचीला तशीच रेघ. मग डिकीतला गालिचा उचलला. या गाड्यांची बॅटरी डिकीत असते, तिच्या शेजारच्या खाचेत तीच माती आणि स्क्रूंच्या डोक्यांना गंज. गाडी सीटच्या वर पाण्यात उभी राहिलेली होती. सीट, गालिचे, छताचं कापड, सगळं नवं घातलेलं, बेल्टचं शेवटचं टोक मात्र कुणी बघत नाही म्हणून तसंच.

डीलर मला काही बोललाच नाही. तो भाऊजींकडे वळून म्हणाला, ‘साहेब, मॅडमना समजावा, पन्नास हजार अजून कमी करतो.’ आणि भाऊजी खरंच मला समजवायला लागले! म्हणे बेल्ट बदलून मिळतील. अहो, बेल्ट बदलता येतील, पण सीटखालून गेलेले वायरिंगचे जुडगे आणि एअरबॅगचे कनेक्टर? पाण्यात बुडालेली गाडी सहा महिने व्यवस्थित चालते. मग एका पावसाळ्यात डॅशबोर्डवर दिवे लागायला सुरुवात होते आणि संपत नाही.

दुसरी गाडी कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांकडे होती, २०१७ ची, काळपट निळी. मीटरवर ७८ हजार. पुढच्या बंपरला ओरखडा, एका अलॉयची कड खाल्लेली, ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला सुरकुत्या. भाऊजी आतमध्ये बसलेही नाहीत. पण डॉक्टरांनी एक फाइल पुढे ठेवली. प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारखेनुसार लावलेलं, टायर कधी बदलले, ब्रेक पॅड कधी, सगळं. आम्ही सकाळी लवकर गेलो होतो, इंजिन रात्रभर गार. एका दमात चालू झालं, धूर नाही, मागून आवाज नाही. मामांनी स्कॅनर लावला. मीटरवरचा आकडा बदलणारे डॅशबोर्डवरचा बदलतात, पण गाडीतल्या इतर कंट्रोल युनिटांतही किलोमीटर साठवलेले असतात आणि ते सगळे जुळवून बदलणं क्वचितच कुणी करतं. इथे सगळीकडे ७८ हजार. आम्ही विल्होळीपर्यंत चालवून आणली, मोकळ्या पट्ट्यात जोरात ब्रेक लावून बघितला, स्टिअरिंग थरथरलं नाही. मी तिथेच टोकन दिलं.

ती गाडी अजून माझ्याकडे आहे. इगतपुरी ते आमणे समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला खुला झाला, तेव्हापासून भिवंडीला जाताना तिकडूनच जाते. १२० च्या मर्यादेवर ही गाडी रस्त्याला चिकटून बसते, गप्पा मारायला आवाज चढवावा लागत नाही. भाऊजींनी २०२१ सालीच नवी गाडी घेतली होती. बिल्ला मोठा, इंजिन लहान. दारात हार घातला, पेढे वाटले, मला आनंदच झाला. तीन वर्षांनी बदलायला काढली तेव्हा जो भाव आला तो ऐकून ते दोन दिवस जेवले नाहीत नीट. तरी दिवाळीला म्हणालेच, ‘पण आमची नवी होती.’ भाऊजी, हे तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे. नवेपणाची किंमत तुम्ही चुकवली, आणि मी जी गाडी घेतली तिचं पहिल्या चार वर्षांचं नुकसान डॉक्टरांनी सोसलं होतं. दुखणं कुणी विकत घेतलं ते तुम्हीच सांगा.

तर तुमच्या ३३०आयकडे परत. सध्याच्या पिढीची, जी२० म्हणतात ती ऑगस्ट २०१९ मध्ये भारतात आली. बघायला जाल तेव्हा टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चाळीस हजार चाललेल्या गाडीला तिसरा सेट असेल तर प्रश्न विचारा. सगळ्या काचांवर कंपनीचा शिक्का आणि तारखेची खूण असते, एकच वेगळी निघाली तर ती का बदलली ते विचारा. बॉनेट आणि दारांच्या बोल्टवरचा रंग उडालेला आहे का बघा. चॅसी नंबर देऊन शोरूमकडून सर्व्हिसची नोंद आणि राहिलेले रिकॉल लेखी मागा. कोरियात २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना ईजीआर कूलर या धूर थंड करणाऱ्या भागातल्या दोषामुळे आगी लागल्या आणि लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्यामुळे रिकॉल झालंय की राहिलंय याला महत्त्व आहे. वॉरंटी, सर्व्हिस पॅकेज शिल्लक असेल तर ते तुमच्या नावावर येतं का, तेही तिथेच विचारा. इंजिनखाली तेलाचे डाग, कूलंटच्या प्लास्टिक जोडांवर पांढरे ओघळ बघा. गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभर बदलायला नको’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतील. पण ती आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथे नवा नंबर आणि महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा. वाचलेले पैसे तिथेच जातात आणि गाडीचा इतिहास तपासायला तुम्ही दिल्लीला जाणार नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. घरात गुडघ्याचं दुखणं असलेलं कुणी असेल तर आधी त्यांना बसवून बघा, गाडी खाली बसते आणि उठताना हात लागतो. आपल्या कॉलनीतले स्पीडब्रेकर तिरके घ्यायची सवय लावा, नाहीतर पोट घासेल. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात. पंक्चर झाल्यावर ते ८० च्या वेगाने ८० किलोमीटर नेतात खरं, पण महाग आहेत आणि खड्ड्यात कडक लागतात. तुमचं फिरणं रोज सातपूर ते गंगापूर रोड एवढंच असेल तर डिझेल अजिबात नको, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो. तुम्ही पेट्रोल बघताय तेच बरोबर. आणि सगळ्यात मोठं, ४५ पैकी ४५ गाडीत घालू नका. तीन-चार लाख बाजूला ठेवा, पहिल्या वर्षात टायर, ब्रेक, बॅटरी यांत ते लागतात. एवढे बाजूला ठेवणं जमत नसेल, किंवा नाशिकमध्ये काम करणारा भरवशाचा माणूस तुमच्याकडे नसेल, तर वडिलांचं ऐका आणि नवी घ्या. पण मग स्कोडा, फोक्सवॅगनमधली नवी सेडान घ्या, निम्मे तरी पैसे बँकेत राहतील.

वडिलांना गाडी बघायला बरोबर न्या. फाइल आणि स्कॅनरवरचा आकडा त्यांनाच वाचायला सांगा. मागे बसून विरोध करणाऱ्या माणसाला कागद दाखवला की बोलणं बदलतं, हे मी भाऊजी सोडून सगळ्यांच्या बाबतीत पाहिलंय.

व्यवहार ठरला की गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, मालकाचं कर्ज असेल तर त्याची नोंद काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या आणि त्यात इंजिन प्रोटेक्शन घ्यायला विसरू नका, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जावं लागलं तर साध्या पॉलिसीत इंजिनाचे पैसे मिळत नाहीत. जुन्या मालकाला त्यांचा फास्टॅग बंद करायला त्याच दिवशी सांगा.