अमेरिकेच्या आयातशुल्कामुळे जॉबवर्क थांबलंय. करोनात मिळालं तसं सरकारी हमीचं कर्ज घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ज्या निर्यातदाराचं जॉबवर्क (त्याच्या मालावर मजुरीने काम) करता त्याच्या अमेरिकेच्या ऑर्डर थांबल्या आणि तुमचं काम निम्म्यावर आलं. करोनात मिळाली तशी हमीची कर्जं आता मिळतील का आणि घ्यावीत का, हा तुमचा प्रश्न. माझं सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगचं मशिनिंग करतो. दोन्ही वेळा यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2019 च्या महापुरात माझ्या शेडमध्ये पाणी आलं नव्हतं, पण सांगलीतल्या ज्या व्यापाऱ्यांशी आमचा रोजचा व्यवहार, त्यांची दुकानं बुडाली होती. ती मंडळी सावरतायत तोवर मार्च 2020 मध्ये इस्लामपूरच्या करोना रुग्णांच्या बातम्या सुरू झाल्या आणि सगळ्यांची शटर खाली आली. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, आधी 3 महिने, मग 31 ऑगस्टपर्यंत. मी व्हीएमसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या) कर्जाचे सगळे 6 हप्ते थांबवले. ती चूक झाली. जूनपासून थोडंफार काम सुरू झालं होतं, मला हप्ता झेपला असता. व्याज चालूच होतं, ते मुद्दलात चढलं आणि शेवटी 6 पेक्षा जास्त हप्ते वाढले. 2 कोटींपर्यंतच्या कर्जांवरचं त्या काळातलं व्याजावरचं व्याज सरकारने नंतर परत केलं, पण माझ्या खात्यात आलेली रक्कम किरकोळ होती.

मे 2020 मध्ये 3 लाख कोटींची हमी योजना आली. तिने मात्र मला वाचवलं. 29 फेब्रुवारी 2020 ला जेवढं कर्ज बाकी, त्याच्या 20 टक्के नवीन कर्ज. वेगळं तारण नाही, हमीशुल्क नाही, मुदत 4 वर्षांची आणि पहिलं वर्ष फक्त व्याज. माझी बाकी 40 लाख होती, म्हणून 8 लाख मिळाले. व्याज महिन्याला 5 हजारांच्या थोडं वर जायचं. त्यातले 3 लाख मी चार ऑपरेटरांच्या पगारासाठी बाजूला काढले. दोघं जतकडचे, दोघं कवठेमहांकाळचे, सगळे गावी गेलेले. काम नसतानाही निम्मा पगार पाठवत राहिलो. दिवाळीच्या तोंडावर ऑर्डर आल्या तेव्हा चौघंही परत आले. आमच्या लाइनीतल्या एकाने सगळी रक्कम जुन्या उधाऱ्या फेडण्यात घातली. देणेकरी गप्प झाले, पण काम आलं तेव्हा त्याच्याकडे टूल घ्यायला पैसे नव्हते आणि मशीनवर उभं राहायला माणूस नव्हता. पुढे त्याने शेड भाड्याने दिलं. माझाही 25 हजारांचा हप्ता सुरू झाला तो ऑगस्ट 2021 मध्ये, जुलैचा पूर नुकताच ओसरला होता. ते वर्ष फार जड गेलं.

हेही ध्यानात घ्या की ती हमी सरकारने बँकेला दिली होती. कर्ज बुडालं तर बँकेचं नुकसान सरकार भरून देणार. आपलं देणं आपल्या डोक्यावर राहतंच. आणि खातं आधीच 60 दिवसांपेक्षा जास्त थकलेलं असेल तर योजनेत जागाच नव्हती. आपल्याकडे कित्येक छोटे कारखानदार पतसंस्थेवर आणि सोनेतारणावर धंदा चालवतात. त्यांच्या वाट्याला या योजनेतलं काहीच आलं नाही, आणि सगळ्यात जास्त गरज त्यांनाच होती. मला याचं आजही वाईट वाटतं.

आता या वेळचं. 27 ऑगस्ट 2025 ला आपल्या बऱ्याच मालावर अमेरिकेत 50 टक्के शुल्क लागू झालं होतं. नोव्हेंबरमध्ये केंद्राने निर्यातदारांसाठी 20 हजार कोटींची हमी योजना मंजूर केली. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने ठरावीक क्षेत्रांतल्या निर्यातदारांना 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2025 या काळातले हप्ते लांबवायची सवलत दिली आणि या वेळी व्याज सरळ ठेवलं, चक्रवाढ नाही. 2020 पेक्षा हे नक्कीच बरं. पण सवलतीची अट वाचा: 31 ऑगस्ट 2025 ला ज्याच्या नावावर निर्यातकर्ज बाकी होतं, त्यालाच ती. तुमच्यामाझ्यासारख्या जॉबवर्कवाल्याच्या नावावर ते नसतं. आपण डिलिव्हरी चलनावर माल कुपवाडातच देतो. माल पुढे बोटीने अमेरिकेला जातो हे बँकेच्या कागदावर कुठेच दिसत नाही. त्यामुळे पार्टीला, म्हणजे निर्यातदाराला, सवलत मिळाली आणि आपल्याला फोन आला, ‘पेमेंटचं जरा थांबा.’

म्हणून नवीन कर्जाआधी तुमचं अडकलेलं पेमेंट मोजा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आजच करा, फुकट आहे. नोंदणी झाल्यापुढच्या बिलांना, सूक्ष्म आणि लघु उद्योग म्हणून, कायद्याचं संरक्षण मिळतं: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15 दिवस. मुदत उलटून वर्षअखेरीलाही पैसे दिले नाहीत, तर पार्टीला आयकरात त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही. 1 एप्रिल 2024 पासून हे लागू आहे. थेट तक्रार केली की गिऱ्हाईक तुटतं, हे मी अनुभवलंय. त्यामुळे मी फेब्रुवारीतच पार्टीच्या सीएला थकीत बिलांची यादी आणि उद्यम प्रमाणपत्र पाठवतो. पुढचं बोलणं तोच मालकाशी करतो. गेल्या मार्चमध्ये माझी 7 महिन्यांची अडकलेली रक्कम अशीच सुटली.

तरी कमी पडत असेल तर निर्यातदारांच्या योजनेमागे न धावता सूक्ष्म-लघु उद्योगांच्या नेहमीच्या पतहमीबद्दल बँकेत विचारा. तिची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटी झालीय. तारण लागत नाही, पण हमीशुल्क लागतं, ते व्याजात धरून हिशेब करा. आणि कर्ज घेतलंत तर पहिल्या 6 महिन्यांचे पगार त्यातून वेगळे काढा.

तुमचं सीसी (कॅश क्रेडिट) खातं बँकेत आहे की पतसंस्थेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आणि अमेरिकेवर चालणारं काम एकूण कामाच्या किती, एवढं कळवलंत तर आकड्यांसकट सांगतो.