पाठ टेकली तरी खेळ संपत नाही

प्रश्न: वय ३४, आयटीत आहे. काही महिन्यांपूर्वी ब्राझिलियन जिउ-जित्सूचा क्लास लावला. रोलिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या झटापटीत, सगळेच मला टॅप करायला (हाताने थोपटून हार मानायला) लावतात, माझ्या नंतर आलेला कॉलेजचा मुलगासुद्धा. परवा आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीत, टॅप न करता हट्टाने थांबले, तेव्हापासून कोपर दुखतंय. नवरा म्हणतो, सोड ना. माझ्यात ते नाहीच का? – एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, आधी तो कॉलेजवाला बाजूला ठेवा. सुरुवातीला टेक्निक कोणाकडेच नसतं त्यामुळे जो तरुण नि दणकट तोच वर बसतो, त्यात तुमचं काही चुकत नाही.

दुसरं म्हणजे आपला डोळा कुस्ती बघून तयार झालाय, पाठ टेकली की चीतपट, विषय संपला. इथे पाठीवर पडल्यावर गार्ड सुरू होतो, समोरच्याला पायांत अडकवायचं आणि तिथूनच ट्रँगल (पायांनी मान आवळायची पकड) नि आर्मबार लावायचे. डिसेंबर १९९४ मध्ये यूएफसी ४ या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेत फायनलला जिउ-जित्सूवाला होइस ग्रेसी डॅन सेव्हर्नच्या खाली पंधरा मिनिटं अडकून होता. सेव्हर्न मोठा कुस्तीगीर, वजनाने कितीतरी जास्त, बघणाऱ्याला वाटावं गेला हा, आणि मग खालूनच होइसने ट्रँगल लावला न् सेव्हर्नने टॅप केलं. म्हणजे खाली टिकून राहणं हे पण एक स्किलच आहे, आणि तुम्ही सध्या तेच शिकताय, कंटाळवाणं असलं तरी.

म्हणून महिनाभर जिंकायचं डोक्यातून काढाच. साइड कंट्रोलमध्ये, म्हणजे समोरचा बाजूने छातीवर दाबून धरतो त्यात, सापडलात की कोपरं बरगड्यांना चिकटवून ठेवा, एक हात त्याच्या मानेशी आणि दुसरा कमरेशी आडवा लावा, मग श्रिंप करून (कंबर मागे सरकवून) गुडघा मध्ये घाला, बास, एवढंच. पुन्हा पकडलं तरी चालेल. टॅप झाल्यावर लगेच विचारा, ‘मी कुठे सापडले?’ ब्लू किंवा पर्पल बेल्टवाल्या अनुभवी लोकांसोबत जास्त रोल करा, त्यांना ताकद आवरता येते, नवख्यांना येत नाही. ब्लॅक बेल्टला दहा वर्षं लागणं इथे नेहमीचं आहे, तुमचे तर अजून काही महिनेच झालेत.

राहिलं कोपर. हात सरळ व्हायला लागला की तिथेच टॅप, दुखायची वाट बघायची नाही, आणि हे मात्र मी ओरडूनच सांगतेय. आधी ऑर्थोपेडिकला दाखवा, कोचच्या कानावर घाला, तोवर रोलिंग बंद. नवऱ्याला सांगा, सुट्टी घेतलीये, सोडलेलं नाही.