गिअरबॉक्स उतरवायची घाई नको

अरे, पद्मिनी गाडीखाली तेल दिसलं की लगेच गिअरबॉक्स उतरवू नकोस. आधी खालची बाजू रॉकेलने धुऊन, पुसून कोरडी कर. मग होटगी रोडला एक फेरी मार आणि रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेव. डाग नेमका कुठे पडतो ते बघ. वासही घे: गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, इंजिन ऑइलला नसतो.

ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्समधली हवा बाहेर जायचं छोटं भोक, असेल तर तो आधी साफ कर. आपल्या सोलापूरच्या धुळीने तो बुजतो, उन्हात आतली हवा फुगते आणि चांगल्या सीलमधूनही (शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कडीतूनही) तेल ढकलते. नवं सील उगाच वाया जातं!

सील बदलायचंच झालं तर शाफ्टवर नख फिरव. खाच लागली तर नवं सीलही गळणार. सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे, सीलच्या ओठाला, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या कडेला, तेलाचं बोट, आणि लाकडाच्या ठोकळ्याने सगळीकडून सारखं बसव.

एक मात्र विसरू नकोस: तेल काढण्याआधी तेल भरायचा बोल्ट सुटतो का बघ. तो अडकला तर गिअरबॉक्स रिकामा आणि गाडी जागेवरच. गिअर ऑइल जीएल-४ दर्जाचं घे; जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या कड्या) खातात.