भीती वाटते, विश्वास ठेवतो : साक्षीतल्या एका वाक्याबद्दल

एका ताईंनी प्रश्न पाठवलाय. त्या नर्स आहेत, परदेशातल्या नोकरीची ऑफर आलेली, ती न घेता इथेच राहायचं ठरवलंय आणि आता रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून साक्ष द्यायचीय (देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं). लिहून काढलेलं वाक्य असं : "मी हा निर्णय भितीपोटी नाही तर विश्वासापोटी घेतला." 'विश्वासापोटी' असं मराठीत चालतं का, की 'श्रद्धेने' लिहू, हा त्यांचा प्रश्न. पण खाली त्यांनी जे जोडलंय तीच खरी शंका. पाळकसाहेब म्हणतात भीतीने निर्णय घेऊ नका, शास्त्र (बायबल) म्हणतं परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा प्रारंभ, आणि मला तर ठरवताना पोटात गोळा आलेला, मग मी हे वाक्य बोलले तर खोटं बोलले असं होईल का?

आधी पोटाचंच बघू. आपण भीतीपोटी, रागापोटी, काळजीपोटी, प्रेमापोटी म्हणतो, म्हणजे जे आतून उसळतं आणि आपल्याकडून काहीतरी करवून घेतं त्याला 'पोटी' लागतं. भीती तर मराठीत पोटातच राहते, गोळा येतो, पोटात धस्स होतं. 'विश्वासापोटी' चूक नाही, लोक लिहितात, पण कानाला जरा खटकतं, कारण विश्वास उसळत नाही. शास्त्राच्या मराठीत त्याला साधं 'ने' लागलंय : "आम्ही विश्वासाने चालतो, डोळ्यांनी दिसते त्याप्रमाणे चालत नाही." हे करिंथकरांस दुसऱ्या पत्रात आहे, आणि हा 'ने' म्हणजे काठीने चालतो, कंदिलाने वाट बघतो, त्यातला. हातात धरलेली वस्तू. म्हणून ताई, भीतीपोटी आणि विश्वासाने, दोन वेगळे प्रत्यय लावा, जोडी जुळत नाही म्हणून काळजी करू नका, ती जुळत नाही हेच बरंय.

आता भय आणि भीती. दोन्ही एकाच 'भी' धातूचे, त्यामुळे व्युत्पत्तीत फरक शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. नीतिसूत्रांत 'परमेश्वराचे भय' आणि योहानाच्या पहिल्या पत्रात "पूर्ण प्रीती भीती घालवून देते" (घालवून देते, जसं दारातलं कुत्रं), अशी दोन शब्दांची वाटणी मराठी बायबलात दिसते खरी. गंमत म्हणजे ग्रीकमध्ये दोन्हीकडे भीतीसाठी फोबॉस हाच शब्द आहे, नीतिसूत्रांच्या जुन्या ग्रीक भाषांतरात पण. म्हणजे ही वाटणी मराठीने केली. पण ती पक्की नाही, स्तोत्र २७ काढून बघा, तिथे एकाच कडव्यात "मी कोणाची भीती बाळगू?" आणि पुढे "मी कोणाचे भय धरू?" असं दोन्ही माणसांच्या भीतीबद्दल आलंय. त्यामुळे 'भय म्हणजे चांगलं आणि भीती म्हणजे वाईट' असं जे संडे स्कूलमध्ये सांगतात ते पोरांना समजवायला ठीक, भाषेचा नियम म्हणून नाही.

मग फरक कुठाय? माझं म्हणणं, नामाकडे बघू नका, क्रियापदाकडे बघा. भीती वाटते. आमच्या नगरकडे 'भ्या वाटतंय', विदर्भात 'भेव'. वाक्यात 'मी' नाहीच, 'मला' आहे. मला थंडी वाजते, मला भूक लागते, मला भीती वाटते, हे सगळं माझ्यावर येऊन आदळतं, त्यात माझं कर्तृत्व शून्य. पण बाळगणं? धरणं? तिथे 'मी' येतो. मी भीती बाळगतो, मी भय धरतो. आलेली भीती मी घरात घेतली, खाऊपिऊ घातलं, मोठी केली. आणि विश्वासाचं तसंच बघा : विश्वास बसतो किंवा बसत नाही, ते आपल्या हातात नसतं (दूधवाल्यावर माझा अजून बसलेला नाही), पण विश्वास ठेवणं हे कृत्य आहे, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी तसं. शास्त्रात आज्ञा आहे ती ठेवण्याची. स्तोत्र ५६ मध्ये दावीद अगदी हेच म्हणतो की मला भीती वाटते तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवतो, 'वाटेनाशी झाल्यावर' असं तो म्हणत नाही. म्हणजे एकाच वेळी भीती वाटतीय आणि विश्वास ठेवलाय यात मराठी ग्रामरला काहीच विसंगती दिसत नाही, एकात 'मला' आहे एकात 'मी', दोघं एका घरात राहू शकतात. ताईंचं वाक्य खोटं नाही, एवढं मी छातीठोक सांगतो.

पौलाने तीमथ्याला लिहिलं की देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, तिथे ग्रीकमध्ये फोबॉस नाहीये, देइलिया आहे, म्हणजे कच खाणं, पळ काढणं. मराठी भाषांतरकाराने तिथे 'भीती' न लिहिता 'भित्रेपणा' लिहिला, त्याला माझा सलाम, बरेच जण हे वचन सांगताना 'भीतीचा आत्मा' म्हणून टाकतात आणि मग ज्याला भीती वाटते तो बिचारा स्वतःला अपराधी समजतो. मार्कच्या चौथ्या अध्यायातलं वादळ घ्या. वारा पडतो, पाणी शांत होतं, मग येशू शिष्यांना विचारतो तुम्ही असे भित्रे का, तिथे याच देइलियाच्या घराण्यातला शब्द. आणि लगेच पुढच्या ओळीत शिष्य मोठ्या भयाने भरून गेले, तिथे फोबॉस. वादळ गेल्यावरचं हे भय, त्याबद्दल त्यांना कोणी रागावत नाही! हेच ते परमेश्वराचे भय. आपल्याकडे 'पापभीरू' ही शिवी नाही, शाबासकी आहे, लग्नाच्या बोलणीत मुलाच्या बापाबद्दल सांगतात ना, अगदी पापभीरू माणूस हो. त्या भीतीने घेतलेला निर्णय आणि विश्वासाने घेतलेला निर्णय यांचं भांडण नाही.

श्रद्धा की विश्वास? दोन्ही बरोबर, पण मराठी मंडळीत रुळलेला शब्द विश्वास, 'श्रद्धेने' लिहिलं तर लोक साईबाबांच्या 'श्रद्धा-सबुरी'कडे जातील. इब्री पत्रातली व्याख्या तर सगळ्यांना पाठ असते : "विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी आहे." एका वाक्यात आशा, भरवसा, खातरी, तिघी बहिणी. यात अजून एक आहे, माझा सगळ्यात आवडता, 'भाव'. नीतिसूत्रे ३:५ मध्ये परमेश्वरावर भाव ठेव असं आहे, 'विश्वास ठेव' नाही. हा सरळ वारकऱ्यांच्या घरातला शब्द. गोव्यातल्या कोकणी कॅथलिक लोकांत तर विश्वासाला अजून 'भावार्थ' म्हणतात आणि विश्वासणाऱ्यांना 'भावार्थी', आपल्याकडे मात्र भावार्थ म्हणजे कवितेखाली दहा मार्कांना लिहायचा तो.

विश्वासची व्युत्पत्ती मजेशीर आहे. वि अधिक श्वस्, उच्छ्वास, निःश्वास, आश्वासन हे सगळे सख्खे भाऊ. संस्कृतात विश्वस् म्हणजे मोकळा श्वास घेणं, निर्धास्त असणं. भीतीने श्वास अडकतो, विश्वासाने सुटतो. झालं, कोणाला तरी प्रवचनाला मुद्दा मिळाला, पण मी लगेच ब्रेक लावतो, कारण व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नाही, आणि बायबल संस्कृतात लिहिलेलं नाही. हिब्रूत त्याला एमुना म्हणतात, 'आमेन' ज्या धातूचा त्याचाच हा, आणि त्यात श्वासबिस काही नाही, त्यात घट्टपणा आहे. निर्गम १७ मध्ये लढाई चालू असताना मोशेचे हात भरून येतात, अहरोन आणि हूर दोन बाजूंनी धरतात आणि सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहतात, त्या 'स्थिर'ला मूळ शब्द एमुना आहे. भरून आलेले, दुसऱ्यांनी धरलेले हात. मोशेला तेव्हा काय वाटत होतं याची तिथे चौकशीच नाही.

हे सांगायचं कारण, आजकाल मंडळ्यांत 'मला शांती वाटली म्हणून निर्णय घेतला' असं फार ऐकू येतं. शांती वाटणं हेही वाटणंच की हो! पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूला शांती वाटत नव्हती, लूक म्हणतो घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, आणि तरी 'माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे' हे ठरलं.

उलट टोकाला 'रामभरोसे' हा शब्द आहे, तो विश्वासाला पर्याय म्हणून कोणी वापरत असेल तर थांबवा, रामभरोसे म्हणजे चाक पंक्चर असताना घाट चढणं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा करायला घेतला, पुढे दोन वर्षंच जगले. तेव्हाही कोणीतरी रामभरोसे म्हटलंच असेल. मला तसं वाटत नाही, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यापासून बावीस वर्षं त्याच कामात घासलेला माणूस होता तो, तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारा, त्यामुळे मघाचा 'भाव' तो पूल ओलांडूनच आपल्याकडे आला असं म्हणायचा मोह होतो, पुरावा मागू नका.

तर ताई, वाक्य मी असं करीन : "मला भीती वाटत होती. मी प्रभूवर भरवसा ठेवला आणि इथेच राहायचं ठरवलं." 'नाही तर' काढून टाकलं, कारण त्याने भीती नव्हतीच असं ऐकणाऱ्याला वाटू शकतं. तुमच्या मसुद्यात खाली 'निर्णय घेतला गेला' असं पण आहे, ते काढा, कोणी घेतला? तुम्ही घेतला. आणि भीती दोन्ही दीर्घ, 'भिती' नाही. भिऊ आणि भित्रा मात्र ऱ्हस्व.