वडिलांना ईसीटी सुचवली आहे, सिनेमात दाखवतात तशीच असते का?

तुमच्या वडिलांच्या डिप्रेशनसाठी डॉक्टरांनी ईसीटी, म्हणजे शॉक ट्रीटमेंट, सुचवली आहे आणि काका म्हणतात, "सिनेमात बघितलं नाहीस? माणूस कामातून जातो."

काकांवर रागावू नका. दोन वर्षांपूर्वी आईसाठी डॉक्टरांनी हेच नाव काढलं तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर पलंगाला बांधलेला, किंचाळणारा माणूसच आला. त्यात आम्ही ठाण्याचे. १९०१ पासूनचं मनोरुग्णालय इथलंच. "ह्याला ठाण्याला पाठवा" ऐकतच लहानाचे मोठे झालो. नातेवाइकांना आम्ही 'पित्ताशयात खडे झालेत' असं सांगितलं.

आई जेवत नव्हती. भाताचा घास तोंडात तसाच राहायचा, गिळायचं विसरल्यासारखा. दोन औषधं बदलून झाली होती. तिसऱ्याचा गुण यायची वाट बघण्याइतके दिवस हाताशी नव्हते, म्हणून डॉक्टर ईसीटीवर आले.

आदल्या रात्रीपासून उपाशी. सकाळी भुलीचं इंजेक्शन, स्नायू सैल करणारं औषध, ऑक्सिजन, शेजारी भूलतज्ज्ञ. वीज काही सेकंदच देतात. तिने येणारी फिट साधारण मिनिटभरात थांबते. शरीर उसळत नाही. डॉक्टर म्हणाले, पायाची बोटं थोडी हलतात, तेवढंच. 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' या १९७५च्या सिनेमात नायकाला जागेपणी, शिक्षा म्हणून शॉक देतात. १९३८ साली रोममध्ये हा उपचार सुरू झाला तेव्हा भूल देत नसत, झटक्याने हाडंही मोडत. सिनेमावाले तिथेच अडकून बसले. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला बंदी आहे. काकांना हे जरूर सांगा.

पण "काहीच होत नाही" असंही सांगू नका. विसरायला होतं. उपचाराच्या महिनाभर आधी डोंबिवलीला भाचीचा साखरपुडा झाला, तो आईच्या मनातून पुसला गेलाय. फोटोत स्वतःला बघते आणि विचारते, "ही हिरवी साडी मी कधी घेतली?" नवीन गोष्टी लक्षात राहायला काही आठवड्यांत लागल्या, साखरपुडा मात्र परत आला नाही. म्हणून विचारून घ्या, डोक्याच्या एकाच बाजूने देता येईल का. त्यात विसरणं कमी असतं. नंतर गोळ्या किती दिवस, हेही विचारा. बरं वाटलं म्हणून त्या सोडल्या की आजार उलटायची भीती फार.

आईला आठ वेळा दिली. पाचव्यांदा दिल्यावर संध्याकाळी ती म्हणाली, "चहात साखर कमी आहे." चार महिन्यांत तिने केलेली ती पहिली तक्रार.

पुढे आत्याला खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, तिच्या सासूबाईंनाही दिले होते शॉक, पुण्याला. चाळीस वर्षं त्या घरात कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.