पत्राच्या कंसातली दाढ

प्रिय भगिनी,

मोठे आवाज, प्रखर उजेड आणि माणसांची वर्दळ तुम्हाला सोसवत नाही, समोरच्याचा सूर किंचित बदलला तरी तुमची रात्र जागून जाते आणि लहानपणापासून ‘तू फार मनाला लावून घेतेस’ हेच वाक्य ऐकत तुम्ही मोठ्या झालात, असे तुम्ही लिहिता. आपल्या या स्वभावाला अतिसंवेदनशीलता म्हणतात हे अलीकडे वाचनात आले, तेव्हा तुम्हाला हायसे वाटले. त्यानंतर महिन्याभरापूर्वी थोरली बहीण फोनवर तुटक बोलली, ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे तिने उत्तरच दिले नाही, म्हणून तुम्ही तिच्याशी बोलणे बंद केले आहे. अशा माणसांपासून स्वतःला कसे जपावे, असा तुमचा प्रश्न आहे.

तिसऱ्या पानावर, कंसात, तुमचे आणखी एक वाक्य आहे: ‘नंतर भाचीकडून कळले की त्या दिवशी ताईची दाढ काढली होती, पण मुद्दा तो नाही.’

मुद्दा तोच आहे, आणि तुम्ही तो कंसात टाकलात याचे मला वाईट वाटले. दाढ काढलेल्या माणसाचा जबडा बधिर असतो, रक्त थांबावे म्हणून त्याला कापसाचा बोळा दातांखाली दाबून धरावा लागतो, आणि बधिरपणा उतरू लागला की ठणका सुरू होतो. अशा अवस्थेत ताईंनी तुमचा फोन उचलला, तुमचे बोलणे ऐकून घेतले आणि जेवढे शब्द तोंडातून निघणे शक्य होते तेवढे काढले. तुम्ही मात्र त्यावर महिनाभराचा अबोला धरलात, आणि खरे कारण कळल्यानंतरही तो सोडला नाहीत.

तुमचे कान चुकले, असे मी मुळीच म्हणणार नाही. ताईंच्या आवाजात काहीतरी बिनसले आहे हे तुम्ही पहिल्या दोन शब्दांतच ओळखले, आणि ते खरेच होते. एलेन एरन आणि आर्थर एरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने या स्वभावावरचा शोधनिबंध १९९७ साली प्रसिद्ध केला आणि तो मोजण्यासाठी २७ प्रश्नांची प्रश्नावली दिली. अभ्यासक याला आजार मानत नाहीत; बारीकसारीक बदल टिपणे, त्यांवर खोलवर विचार करणे, भावना तीव्रतेने जाणवणे आणि या सगळ्यामुळे लवकर थकून जाणे, अशी ही मनाची घडण आहे. त्या प्रश्नावलीत गोंगाट आणि उजेड यांच्या जोडीला असाही एक प्रश्न आहे की भोवतालच्या परिस्थितीमुळे एखादा माणूस अवघडला असेल, तर त्याला बरे वाटावे म्हणून काय करायला हवे हे तुम्हाला सहसा कळते का. तुम्ही ती प्रश्नावली वाचली असेल, तर या प्रश्नालाही ‘हो’ म्हणाला असाल. मग ताईंच्या बाबतीत ते का आठवले नाही?

कारण, ताईंना काहीतरी होते आहे हे जाणवल्याच्या पुढच्याच क्षणी तुम्ही ठरवून टाकले की जे काही आहे ते माझ्यामुळे आहे. या दोन गोष्टींमध्ये एका प्रश्नापुरती जागा होती, आणि तो प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. खोलवर विचार करण्याची तुमची ताकद मी कमी लेखत नाही, परंतु एकटीने रात्रभर केलेला विचार चुकीच्या पायावर उभा असला तरी तितकाच खोल जातो, आणि खोल गेल्यामुळेच तो खरा वाटू लागतो.

गोंगाटाचा आणि गर्दीचा त्रास खरा आहे. त्यासाठी शांत खोली, पुरेशी झोप आणि माणसांत वावरून आल्यावर थोडा एकांत, हे सारे तुम्ही निःसंकोच घ्यावे आणि त्याबद्दल कोणाचीही माफी मागू नये. थकव्यावर एकांत लागू पडतो, ग्रह करून घेतला असेल तर त्यावर तो लागू पडत नाही. शिवाय तुमच्यासारख्या माणसांना दुखावणारे वातावरण जितके अधिक बाधते, तितकीच मायेची सोबतही अधिक मानवते, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. अशी सोबत देऊ शकणारे माणूस तुम्ही स्वतःहून दूर लोटत आहात, याची मला काळजी वाटते.

स्वतःला ताईंपासून जपण्याचा विचार सोडा आणि आज संध्याकाळी त्यांना फोन करा. आपण अतिसंवेदनशील आहोत हे त्यांना समजावून सांगू नका, महिनाभर किती रडलात तेही सांगू नका. ‘ताई, दाढ काढली तेव्हा फार दुखले का गं?’ एवढेच विचारा, आणि त्यांचे सांगून होईपर्यंत स्वतःविषयी एक शब्दही काढू नका.